सोशिक आणि महासोशिक

शाळेचा सहिष्णुता पंधरवडा खरं तर बिनबोभाट उरकायचा होता. दरवर्षी असं काहीतरी असतंच. एका वर्षी हात धुण्याचा पंधरवडा असतो, एका वर्षी झाडं वाचवण्याचा. मुलं दोन तक्ते रंगवतात, मुख्याध्यापिका चार शब्द बोलतात, त्या चाराचे चारशे होतात, आणि पंधरवडा संपला की सगळे हात न धुता घरी जातात. याही वर्षी तसंच झालं असतं. पण पालकसभेत मुख्याध्यापिकांनी, कुणी काही सुचवणार नाही या भरवशावर, कुणाला काही सुचवायचं आहे का असं विचारलं आणि इंजिनिअरसाहेबांनी हात वर केला.

इंजिनिअरसाहेब हे नाव त्यांना इमारतीत होतं. ऑफिसात त्यांना साहेब वगैरे कुणी म्हणत नसे. तिथे ते सातव्या मजल्यावर, खिडकीपासून लांबच्या टेबलाशी बसून पॉइंट तयार करत. म्हणजे तुम्ही दुकानातून साबण घेता आणि फोनवर ‘अभिनंदन, तुम्हाला बारा पॉइंट मिळाले’ असं येतं ना, ते. त्या बारा पॉइंटांचं पुढे काय होतं हे आजवर कुणालाही कळलेलं नाही, पण ते मिळाले की माणूस सुखावतो आणि गरज नसताना दुसरा साबण घेतो. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे साहेबांची एक पक्की समजूत झाली होती, की पॉइंट दिल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही आणि दिले तर खड्ड्यातसुद्धा उडी मारतो.

हात वर करायला तसं कारण होतं. सभेच्या आधी वर्गशिक्षिकेने त्यांना बाजूला घेऊन टिल्लीबद्दल सांगितलं होतं. टिल्ली म्हणजे त्यांची मुलगी, वय वर्षं दहा. अभ्यासात हुशार, वागायला सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त तिला चुकीचं ऐकवत नसे. शेजारची मुलगी म्हणाली की आमच्या गच्चीवर शंभर मांजरं येतात, तर टिल्लीने मांजरांची यादी मागितली. बाईंनी पृथ्वी गोल आहे म्हटलं, तर हिने मागून ‘जरा चपटी’ अशी भर घातली. एका मुलाचा वाढदिवस होता, सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता, तेव्हा हिने त्याला जन्मवेळ विचारली आणि संध्याकाळी पावणेसात म्हटल्यावर तू अजून दहाचा झालेला नाहीस असं सांगून टाळ्या थांबवल्या. परिणाम व्हायचा तोच झाला. गेले चार महिने टिल्ली मधल्या सुट्टीत घंटेखालच्या पायरीवर एकटी बसून डबा खात होती.

सभेनंतर घरी आल्यावर साहेबांनी आडून आडून विचारलं, तर टिल्ली म्हणाली की एकटीने खाल्लं की लवकर संपतं आणि मग बसायला वेळ मिळतो. कुणाबरोबर बसायला, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

त्यांची बायको दातांची डॉक्टर. दुखतं तिथेच बघायचं ही तिच्या धंद्याची सवय. ती म्हणाली की रविवारी वर्गातल्या एखाद्या मुलीला खेळायला बोलवू. साहेब समजूतदारपणे हसले. वर्गात चाळीस मुलं, म्हणजे टिल्ली सोडून एकोणचाळीस रविवार, तोवर वर्ष संपलं. असल्या घरगुती उपायांना आवाका नसतो, असं त्यांनी तिला समजावलं. ती म्हणाली, “अरे, एकोणचाळीस कशाला हवीत? एक पुरे.” पण तोवर साहेबांनी लॅपटॉप उघडला होता.

तीन दिवसांत अ‍ॅप तयार झालं. नाव ठेवलं ‘सोशिक’. कल्पना अशी की मुलाने दिवसभरात वर्गातल्या कुणाला सहन केलं आणि किती मिनिटं, हे घरी जाऊन पालकांच्या फोनवर नोंदवायचं. दर मिनिटाला एक पॉइंट. पण सगळी माणसं सारखीच अवघड नसतात, हा विचार करून साहेबांनी त्यात एक सूत्र घातलं. ज्याच्याजवळ कुणी बसत नाही, त्याला सहन करण्याचे पॉइंट जास्त. सूत्र अगदी निःपक्षपाती होतं. टिल्लीच्या नावापुढे मिनिटाला सहा पॉइंट येईपर्यंत त्यांनी ते चार वेळा निःपक्षपातीपणे दुरुस्त केलं. अवघड मुलांच्या यादीला ‘अवघड मुलं’ म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिला ‘आजच्या संधी’ असं नाव दिलं. टिल्ली पहिल्या क्रमांकाची संधी होती.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे निवृत्त ऑडिटर म्हणाले की सहनशक्ती मोजायची तर आधी तपासनीस नेमा, नाहीतर मुलं खोटं लिहितील, आणि तपासनीस म्हणून त्यांना सध्या सवड आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या की आमच्या वेळी सहन करण्याला सहन करणं म्हणत नसत, घर म्हणत. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि त्याबद्दल स्वतःला मनातल्या मनात आठ पॉइंट दिले.

मग शाळेचं ऑफिस. तिथले हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले की उपक्रम उत्तम आहे, पण कोणत्या सदरात घालायचा? सहिष्णुता खेळात बसत नाही, सांस्कृतिकमध्ये गाणं किंवा नाच लागतो, आरोग्यात डॉक्टरचा दाखला. साहेबांनी बायकोचा दाखला आणतो म्हटलं, तर दातांचा चालत नाही असं कळलं. अर्ज तीन प्रतींत, मग अर्जाला जोडपत्र तीन प्रतींत, मग जोडपत्राला अर्ज जोडल्याचं पत्र. शेवटी ‘सोशिक’ आपत्ती व्यवस्थापन या सदरात मंजूर झालं. अग्निशामक नळकांड्यांच्या खाली, ओळ क्रमांक नऊ.

आणि काय सांगावं, पहिल्याच दिवशी घंटेखालच्या पायरीवर रांग लागली. सात जण टिल्लीशेजारी बसून गेले. एक जण तर पाठीमागे उभा राहूनही मोजता येईल का विचारत होता. टिल्ली घरी आली ती धावतच. सात, असं तिने तीनदा सांगितलं. तिने एकाला व्हेल हा मासा नसतो हे सांगितलं आणि तो म्हणे शांतपणे घड्याळाकडे बघत ऐकत राहिला. साहेबांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, “घड्याळाकडे का बघत होता?” काही माणसांना चांगलं बघवतच नाही, असं म्हणून साहेबांनी विषय संपवला.

इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण यशाचं एक असतं, ते कुणाच्या तरी नाकासमोर नाचवल्याशिवाय पचत नाही. साहेबांच्या डोक्यावर, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर, एक गृहस्थ राहत. इमारतीत त्यांना ‘वरचे’ म्हणत. हे वरचेही पॉइंटच तयार करत, पण समोरच्या कंपनीत. साहेबांच्या कंपनीने साबणाला बारा पॉइंट दिले की वरच्यांची कंपनी पंधरा देई, यांनी हिरवं बटण केलं की ते अधिक हिरवं करत. दोघं लिफ्टमध्ये भेटले की तोंडभर हसत आणि फोन उलटे धरत. त्या दिवशी मात्र साहेबांनी फोन सुलटा धरला. वरच्यांनी तीन मजले जाईपर्यंत बघून घेतलं आणि छान आहे म्हणाले.

वरच्यांचा मुलगा टिल्लीच्याच वर्गात होता. त्याला सगळे ढोल म्हणत, कारण तो हाताला लागेल ते वाजवायचा: बाक, डबा, पुढच्या मुलाची पाठ. तोही मधल्या सुट्टीत एकटाच असे, पण आवाज असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे.

चौथ्या दिवशी ‘महासोशिक’ आलं. आपत्ती व्यवस्थापन, ओळ क्रमांक दहा. त्यात ढोलला सहन करण्याचे मिनिटाला दहा पॉइंट होते, शिवाय शंभर पॉइंट झाले की नावापुढे ‘संत’ लागे. दुपारपर्यंत वर्गात अकरा संत झाले आणि टिल्लीची पायरी ओस पडली.

साहेबांना ते फार लागलं. पंधरा वर्षं साबणाच्या लढाईत हरले होते, ते ऑफिसचं होतं. हे घरचं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी टिल्लीला अकरावर नेलं. दुसऱ्या दिवशी वरच्यांनी ढोलला तेरा केलं. मुलंही काही कुक्कुली बाळं नव्हती. ती मधल्या सुट्टीच्या आधी दोन्ही याद्या बघत आणि मग कुठे बसायचं ते ठरवत. एका मुलीने टिल्लीला तोंडावर सांगितलं की मला तू आवडतेस, पण अकरात परवडत नाही.

त्यात भलतंच सुरू झालं. अवघड मुलांजवळ गर्दी होते हे पाहून साधी मुलंही अवघड व्हायला लागली. कुणी मुद्दाम शिंकू लागलं, कुणी दुसऱ्याच्या वहीवर कोपर ठेवू लागलं, एकाने आठवडाभर मोजे बदलायचे नाहीत असं ठरवून मिनिटाला सात पॉइंटांपर्यंत मजल मारली. वर्गशिक्षिका म्हणाल्या की पूर्वी चाळिसात दोन अवघड मुलं होती, आता एकतीस आहेत. वर्गातल्या सर्वांत गोड मुलीची आई तर तक्रारच घेऊन आली. तिच्या मुलीला सहन करण्याचा मिनिटाला अर्धा पॉइंट मिळत होता, त्यामुळे तिच्या मैत्रिणी तुटल्या होत्या. मुलीवर चांगले संस्कार केले ही आमची चूक झाली का, असं ती डोळ्यांत पाणी आणून विचारत होती. मुख्याध्यापिकांनी तिला अर्ज करायला सांगितलं.

गोष्ट साहेबांच्या ऑफिसात पोचली, कारण वरच्यांनी ती स्वतःच्या ऑफिसात पोचवली होती. मॅनेजरबाईंनी साहेबांना आत बोलावलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत बसायला खुर्ची मिळण्याची ही पहिलीच वेळ. मॅनेजरबाई म्हणाल्या की शाळा हे नवं मैदान आहे, आणि समोरची कंपनी तिथे पुढे गेलेली मला चालणार नाही. पंधरवड्याच्या शेवटी शाळेत कार्यक्रम आहे, त्यात आपल्या अ‍ॅपचं नाव पहिलं आलं पाहिजे. साहेब ताठ मानेने घरी आले आणि बूट न काढताच त्यांनी टिल्लीला वीसवर नेऊन ठेवलं.

टिल्ली आईच्या फोनवर बघत होती. तिने नेहमीच्या सरळ आवाजात विचारलं, “बाबा, काल मी अकरा होते. आज वीस कशी झाले? मी तर काल काहीच केलं नाही.”

साहेबांनी तिला बाजारातली स्पर्धा म्हणजे काय ते समजावलं. मागणी, पुरवठा, प्रतिस्पर्धी, सगळं. पाऊण तास बोलले. टिल्लीने ऐकून घेतलं. एकदाही तिने त्यांना थांबवलं नाही, यात काही वावगं आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या सभागृहात समारोप होता. व्यासपीठावर दोन फलक, दोन ढाली आणि दोन ‘सर्वाधिक सहिष्णू विद्यार्थी’. एक ‘सोशिक’चा, एक ‘महासोशिक’चा. दोघांनाही मध्ये उभं राहायचं होतं. मुख्याध्यापिका सहिष्णुतेवर बोलत असताना पहिल्याने दुसऱ्याला कोपराने ढकललं, दुसऱ्याने पहिल्याची ढाल ओढली, आणि पंधरवड्यातले सर्वाधिक सहिष्णू दोन विद्यार्थी टेबलाखाली एकमेकांचे केस धरून सापडले. मुलांना सोडवायला पालक वर चढले. त्यात साहेब होते, वरचेही होते.

आता सोडवायला गेलेल्या माणसाने सोडवून खाली यावं. पण वरचे ध्वनिक्षेपकापाशी जाऊन म्हणाले की खरी सहिष्णुता आमच्याकडेच होती, कारण ढोलला सहन करणं किती कठीण आहे हे सगळा वर्ग सांगेल. साहेबांच्या डोळ्यांपुढे मॅनेजरबाई उभ्या राहिल्या. साबणाची पंधरा वर्षं उभी राहिली. त्यांनी वरच्यांच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि भरल्या सभागृहात, खणखणीत आवाजात म्हणाले:

“माझी मुलगी तुमच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त असह्य आहे, आणि हे मी आकड्यांनिशी सिद्ध करू शकतो.”

मागच्या रांगेत कुणीतरी सवयीने दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबला. टिल्ली तिसऱ्या रांगेत बसली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांना दुरुस्त करेल, उठून चुकीचं आहे म्हणेल, अशी त्यांना क्षणभर आशा वाटली. टिल्ली मात्र आपल्या बुटांकडे बघत होती.

त्या दिवशी घरी कुणीही साहेबांना ओरडलं नाही. बायकोने ताट वाढलं आणि दवाखान्यात निघून गेली. त्यांनी टिल्लीची माफी मागितली, तर ती बरं म्हणाली आणि गृहपाठाला बसली. दोन दिवस त्या घरात इतकी सहिष्णुता होती की साहेबांना जेवण जाईना.

मुख्याध्यापिकांनी दोन्ही अ‍ॅप सोमवारी पुसून टाकायचा आदेश काढला. साहेबांना आता एकच धास्ती होती. पॉइंट संपले. मधल्या सुट्टीत त्या पायरीवर काय होणार? आधी ती एकटी होती तेव्हा निदान सात माणसं शेजारी बसली की कसं वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं. सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मधल्या सुट्टीच्या सुमाराला शाळेच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. तिथे वरचे आधीच उभे होते, हातात अर्जाच्या तीन प्रती घेऊन. कुणीच हसलं नाही.

ऑफिसच्या खिडकीतून घंटेखालची पायरी दिसत होती. टिल्ली येऊन बसली. डबा उघडला. मुलं आजूबाजूने पळत होती, पायरीकडे कुणी वळलं नाही. साहेबांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मग पलीकडून ढोल आला, कारण त्यालाही बसायला दुसरी जागा नव्हती, आणि दोन हात अंतर सोडून बसला. त्याने डब्याचं झाकण वाजवायला घेतलं. टिल्ली काहीतरी म्हणाली. तो थांबला, विचार केला, आणि पुन्हा वेगळं वाजवायला लागला. टिल्लीने मान हलवली, पुन्हा काहीतरी सांगितलं. असं बराच वेळ चाललं होतं, आणि दोघांपैकी कुणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. वरच्यांनी नाक पुसलं. साहेबांना एकदम हलकं वाटलं, इतकं की समोरच्या कंपनीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात आलं.

तेवढ्यात हेडक्लार्कांनी बोलावलं. आपत्ती व्यवस्थापनातली कोणतीही नोंद पुसायची तर आधी तिची छापील प्रत दप्तरी ठेवावी लागते, मंजूर नोंदींची आणि नामंजूर नोंदींचीही. साहेबांनी शाळेच्या प्रिंटरला लॅपटॉप जोडला. मंजूर नोंदींची पंचेचाळीस पानं निघाली. अ‍ॅपने नामंजूर केलेल्या नोंदी एकाच पानावर बसल्या, कारण त्या सगळ्या एकाच खात्यातल्या होत्या. हेडक्लार्कांनी ते पान हातात घेतलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“विद्यार्थिनी टिल्ली. सोमवार. कोणाला सहन केलं: बाबा. वेळ: तीस मिनिटं. कारण: ऑफिसबद्दल सांगत होते. नामंजूर, सदर व्यक्ती वर्गात नाही. मंगळवार. बाबा. वीस मिनिटं. कारण: आईला चुकीचं सांगत होते. नामंजूर. बुधवार. बाबा...”

वरचे हळूच म्हणाले की आमचं अ‍ॅप मी घरूनच पुसतो, आणि तीन प्रती टेबलावर ठेवून घाईघाईने निघून गेले.

हेडक्लार्क वाचत राहिले. एकही दिवस गाळलेला नव्हता. कारण: माझे पॉइंट वाढवत होते. कारण: माझे पॉइंट पुन्हा वाढवत होते. कारण: स्पर्धा समजावत होते, पंचेचाळीस मिनिटं. शेवटच्या ओळीवर हेडक्लार्क अडले. त्यांनी चष्मा वर केला, कागद जवळ धरला.

“शुक्रवारच्या नोंदीत चूक आहे. कारण लिहिलेलं नाही. आणि वेळेच्या जागी आकडा हवा, तर हिने ‘अजून चालू आहे’ असं लिहिलंय. मी बेरीज कशी करू? दुरुस्त करून द्या.”

साहेबांनी त्यांच्या हातातून कागद घेतला, ती ओळ वाचली, आणि परत दिला.

“नको,” ते म्हणाले. “तिचं बरोबर आहे.”